यंत्राला थंडी वाजू नये म्हणून

आमच्या इमारतीत भूकंपाचं यंत्र बसवायला सेल्जान आली, त्या दिवशी तळमजल्यावरच्या मुझेय्येन मावशीनं तिला दोन प्रश्न विचारले. पहिला, जेवलीस का. दुसरा, भूकंप कधी येणार.

सेल्जान विद्यापीठातली संशोधक, माझ्याहून जराशी लहानच असेल. जिन्याखालच्या उघड्या फरशीवर गुडघे टेकून ती एक राखाडी डबी बसवत होती. डबीला तीन बुटके पाय होते आणि ते पिळून पिळून ती डबी सरळ करत होती. जेवले, असं म्हणाली. कधी येणार ते मात्र ही डबी सांगू शकत नाही, जगात कुणीच सांगू शकत नाही. येईल तेव्हा तुमची इमारत कशी हलेल, एवढाच अंदाज देता येतो. रस्त्यावरून बस गेली, लिफ्ट चढली, कुणी जिना उतरलं, की इमारत डोळ्यांना कळणार नाही इतकी थरथरते. डबी ती थरथर ऐकते आणि विद्यापीठातल्या एआयकडे पाठवते. त्या एआयनं धडधाकट इमारती ऐकल्यात, आजारी इमारती ऐकल्यात, आता तुमची ऐकून तो रंग ठरवेल. हिरवा, पिवळा, नारिंगी, नाही तर लाल. अख्ख्या वस्तीचा नकाशा असा रंगवायचा आहे.

"म्हणजे कोण पडणार ते सांगतो, कधी ते नाही," मावशी म्हणाली. "मी कॉफीच्या कपातल्या गाळावरून भविष्य बघते, ते बरोबर उलटं. कप कधी ते सांगतो, काय ते नाही."

सेल्जान हसली आणि जाताना एकच गोष्ट बजावून गेली. डबीला हात लावू नका. ती इथे नाहीच असं समजून वागा.

घरात आलेल्याला तो आलाच नाही असं समजून वागणं! इस्तंबूलमध्ये हे कुणाला जमलंय? दुसऱ्या दिवसापासून आमचं चिनार अपार्टमेंट पाहुणा आल्यासारखं वागायला लागलं. दारं आपटेनाशी झाली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून गालिचे झटकणं बंद केलं. फिक्रेतकाका, म्हणजे आमचे व्यवस्थापक, सकाळी पाव आणायला निघाले की डबीसमोर थांबून कोटाची बटणं लावत. कस्टममधून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर लोकांच्या बॅगा उघडून पाहिल्या. आता कुणीतरी आपली बॅग उघडतंय हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मी मात्र त्या डबीवर जीव लावून बसले होते. त्याचं कारण माझ्या कडेवर होतं. इपेक तेव्हा सात महिन्यांची होती, आणि ती झाल्यापासून मी झुंबराकडे बघायला लागले होते. आमच्याकडे सगळेच बघतात, जरा काही हललंसं वाटलं की पहिली नजर वर जाते. पण मी चहा गाळताना बघायची, दूध पाजताना बघायची. दाराजवळ बॅग भरलेली होती, बॅगेत इपेकचे कपडे, पाणी, शिट्टी. लेव्हेंत, माझा नवरा, म्हणायचा की तुझं लग्न माझ्याशी नाही, झुंबराशी झालंय, मी आपला पंखा, थंड डोक्यानं गरगरणारा. पण नव्व्याण्णवचा मोठा भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते आणि आम्ही आठवडेच्या आठवडे बागेत तंबूत झोपलो होतो. लेव्हेंत तेव्हा अंकाराला होता, भूकंपापासून लांब. अंकारावाल्यांना पंखा होणं परवडतं.

डबी काय बोलते यावर पुढचं सगळं ठरणार होतं. नारिंगी किंवा लाल रंग आला तर पालिका पहिल्या फेरीत फुकट तपासणी करणार होती, खांबाला भोक पाडून आतलं काँक्रीट काढून बघणारी खरी तपासणी, आणि मजबुतीकरणाला मदतही. फक्त निम्म्याहून जास्त घरमालकांनी हो म्हणायला हवं होतं. त्यासाठी रविवारी बैठक होती. हिरवा आला तर आमची पाळी कधी येईल कुणास ठाऊक. माझी मुलगी ज्या फरशीवर रांगायला शिकत होती ती कशावर उभी आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आमच्या या अव्जिलार वस्तीतल्या कुठल्याही आईला हेच हवं असतं. कुठल्याही व्यवस्थापकाला मात्र हे नको असतं, कारण एकदा भोक पाडलं की आत जे निघेल ते परत आत घालता येत नाही.

आणि मग हिरवा आला.

साधा हिरवा नाही, गर्द हिरवा. मोबाइलवरच्या नकाशात आजूबाजूला पिवळी-नारिंगी घरं आणि मधोमध आमचं चिनार अपार्टमेंट, वाळवंटात काकडी उगवावी तसं. सेल्जाननं फोनवर काकांना सांगितलं की एवढी शांत इमारत आमच्या एआयला या वस्तीत दुसरी भेटलेली नाही, जणू डोंगरात कोरलीय. काकांनी तो फोन स्पीकरवर लावून जिन्यात उभ्या उभ्या सगळ्यांना ऐकवला. संध्याकाळी त्यांनी बकलावा वाटला. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी साठलेले सगळे गालिचे एका दमात झटकले.

खरं सांगते, मलाही आनंद झाला. मी लेव्हेंतला मिठी मारली, दोन बकलावे खाल्ले, इपेकला घेऊन घरभर गिरक्या घेतल्या. गिरकी घेता घेता खालून मिनीबस गेली आणि झुंबर हललं.

मी थांबले. दुसरी मिनीबस गेली, झुंबर पुन्हा हललं, त्याचे लोलक किणकिणले. मी लेव्हेंतला म्हटलं, मिनीबसनं किणकिणणारा डोंगर कधी पाहिलायस? त्यानं आणखी एक बकलावा तोंडात टाकला, म्हणजे उत्तर द्यायला नको. मी इपेकला कडेवर घेतलं आणि तशीच चपलांत खाली गेले.

जिन्याखाली यंत्र नव्हतं. यंत्राच्या जागी एक छोटा संसार होता. खाली घडी घातलेली लोकरी गादी, तिच्यावर उशी, उशीवर डबी. डबीच्या डोक्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल, मावशीच्या टीव्हीवर असतो अगदी तसा. मी रुमाल उचलला, डबी जराशी वर केली आणि बघतच राहिले. तिन्ही पायांत विणलेले लोकरी मोजे होते. गुलाबी, वर पांढरा गोंडा. इपेकला मावशीनं विणून दिले होते त्याच लोकरीचे.

मावशीचं दार तिथेच, ती आवाज ऐकून बाहेर आली.

"हे तुम्ही कधी केलंत?"

"ती पोर गेली त्याच दिवशी. उघड्या दगडावर बसवून गेली बिचाऱ्याला! गार फरशीवर बसलं की पोट धरतं, एवढं शिकवत नाहीत का विद्यापीठात?"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उलगडलं. इमारत थरथरत होती, मिनीबस जात होत्या, आम्ही जिने चढत-उतरत होतो, आणि पाहुणा उशीवर मोजे घालून, कानावरून रुमाल घेऊन, गाढ झोपला होता. त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. एआयनं डोंगर म्हणून जो ओळखला तो मावशीचा कापूस होता.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम यायला लागलं तेव्हा मावशीनं इपेकला माझ्याकडून काढून घेतलं आणि मला आत नेऊन साखरपाणी पाजलं.

सेल्जानला फोन केला तेव्हा पलीकडून नुसती खरखर ऐकू आली. नंतर कळलं की ती फोन बाजूला धरून हसत होती. मग गंभीर झाली. आधीचं सगळं ऐकणं बाद. या फेरीचा नकाशा शनिवारी संध्याकाळी बंद होणार होता, आणि नेहमीची थरथर गोळा करायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. एकच करता येईल, ती म्हणाली. डबी उघड्या फरशीवर ठेवायची आणि इमारतीला आपणच हलवायचं. भरपूर माणसं, एका ठेक्यात, तळमजल्यावर आणि जिन्यात. मी लगेच विचारलं की त्यानं इमारत पडली तर. ती म्हणाली, ताई, त्या इमारतीत आजवर किती लग्नं नाचली असतील, माणसांच्या पायांनी इमारती पडत असत्या तर हे शहर केव्हाच सपाट झालं असतं. मी स्वतः येईन आणि समोर उभी राहीन.

आता राहिले फिक्रेतकाका. मी इपेकला घेऊन वर त्यांच्याकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं, मोज्यांसकट. मला वाटलं हसतील. काळ्या समुद्राकडचा माणूस, स्वतःच्या लांब नाकावर स्वतःच विनोद करणारा. पण ते हसले नाहीत. खुर्चीत मागे टेकून बसले आणि म्हणाले की माझ्या इमारतीत कुणी नाचणार नाही.

मी म्हटलं, काका, तो हिरवा खोटा आहे.

"असू दे खोटा," ते म्हणाले. "बेटा, हिरवा कळला त्या दिवशी मी किती वर्षांनी सबंध रात्र झोपलो, माहितीय तुला? तू तो पुसून लाल आणायला निघालीस. लाल आल्यावर मी झोपू कसा?"

इतके दिवस मला वाटत होतं की झुंबराकडे बघणारी इमारतीत मी एकटीच. समोर बसलेल्या माणसाच्या घरातही झुंबर होतं, आणि त्याच्या खाली खुर्ची कधीच ठेवलेली नव्हती, ती बाजूला भिंतीला होती. हे आत आल्या आल्या माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी एवढंच म्हटलं, की मग आपण दोघं जागेच राहू, निदान कशासाठी जागे आहोत ते तरी कळेल.

खाली येताना इपेकनं माझं बोट तोंडात घेतलं आणि मी ओरडलेच. काहीतरी टोचलं होतं. खाली दारात उभ्या मावशीनं चमचा मागवला, इपेकच्या हिरडीवर हलकेच वाजवला, आणि जिन्यात स्पष्ट आवाज आला, टिक्. पहिला दात.

आता पहिला दात आला की आमच्याकडे दाताचे गहू करावेच लागतात. गहू शिजवायचे, साखर, अक्रोड, डाळिंबाचे दाणे घालायचे, आणि शेजारीपाजारी बोलवायचे. बोलावलं नाही तर दात वाकडे येतात. आणि गव्हाला बोलावलं की गाणं होतं, गाणं झालं की पाय हलतात. यावर कुठल्याही व्यवस्थापकाची बंदी चालत नाही. मी शनिवार दुपारचं बोलावणं दिलं, आणि घरात इतकी माणसं मावणार नाहीत म्हणून जागा ठरवली खालच्या दारापासून पहिल्या मजल्यापर्यंतचा जिना. काकांच्या दारावर मी स्वतः गेले. तुम्हाला सगळं माहीत आहे, म्हटलं, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले, गव्हाला नाही म्हणत नाहीत, येईन, एक वाटी खाईन आणि जाईन.

मग मी लेव्हेंतला एक काम सांगितलं. त्याच्या ऑफिसात एक जण केमेंचे वाजवतो, काळ्या समुद्राकडची ती तीन तारांची चिमुकली सारंगी, जी सुरू झाली की तिकडच्या माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. त्याला घेऊन ये. लेव्हेंत माझ्याकडे बघत राहिला. तू आधीपासून अशी होतीस का, म्हणाला. मी म्हटलं, मी घाबरट आहे, भोळी नाही.

शनिवारी मावशीनं यंत्राचे मोजे स्वतः काढले. तिला पटवायला फार वेळ लागला. शेवटी सेल्जाननं सांगितलं की याचे तळवे उघडे असले तरच याला ऐकू येतं, तेव्हा मावशी म्हणाली की मग पहिल्याच दिवशी नीट सांगायचं होतंस, माझी अख्खी लोकर गेली. सेल्जाननं डबी घट्ट बसवली आणि लॅपटॉप उघडून पायरीवर ठेवला. पडद्यावर आमच्या इमारतीचा चौकोन, गर्द हिरवा.

इपेकच्या समोर ताट मांडलं. कंगवा, पुस्तक, कात्री, पेन. ती ज्याला हात लावेल तसा तिचा धंदा. तिनं कशालाच हात लावला नाही, ताटाची कड तोंडात घालून नवा दात त्यावर घासत बसली. मावशी म्हणाली, हॉटेल काढणार. सगळे हसले, वाट्या फिरल्या, काका कोपऱ्यात उभ्या उभ्या गहू खात होते, एक पाय दाराकडे.

मग केमेंचे वाजलं.

पहिल्या सुराला काकांचा चमचा थांबला. दुसऱ्याला त्यांनी वाटी कठड्यावर ठेवली. लेव्हेंत, चौथ्या मजल्यावरच्या बाई, मी आणि आणखी काही जण करंगळीत करंगळी अडकवून जिन्यात उभे होतो आणि होरोनची, म्हणजे तिकडच्या त्या रांगेतल्या नाचाची, पावलं अगदीच भलतीकडे टाकत होतो. पश्चिमेकडच्या माणसांनी होरोन नाचावा म्हणजे बदकांनी घोडेस्वारी करावी. काकांनी ते थोडा वेळ सहन केलं. त्यांचे खांदे थरथरायला लागले, आधी डावा, मग दोन्ही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, अगं पाय असे नाही टाकत, आणि माझी करंगळी ओढून रांगेच्या टोकाला येऊन उभे राहिले.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मी हसत होते आणि माझे पाय कुणीतरी दुसराच चालवत होता. काकांच्या टाचा फरशीवर पडायला लागल्या तशी रांग जिन्यावरून वर सरकली, वरच्या मजल्यांवरून माणसं खाली उतरून तिला जोडली गेली. लिफ्टमधून बाहेर आलेला कुरिअरवाला पार्सल बगलेत घेऊन रांगेत शिरला. मावशी टाळ्या वाजवत होती, तिच्या कडेवर इपेक तोंड उघडून बघत होती. आणि सेल्जान ओरडली, पिवळा!

पडद्यावरचा चौकोन पिवळा झाला होता. आणि माझ्या इमारतीतल्या शहाण्या माणसांनी, ज्यांनी त्या हिरव्यावर बकलावा खाल्ला होता, गोल झाल्यासारख्या आरोळ्या मारल्या. केमेंचेवाल्यानं ठेका वाढवला. काकांची टोपी पडली. नारिंगी झाला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी शिट्टी वाजवली, ती माझ्या भूकंपाच्या बॅगेतली होती, कधी काढली कुणास ठाऊक. आपली इमारत जितकी वाईट ठरतेय तितके आम्ही आनंदानं वेडे होत होतो, आणि यात काही चूक आहे असं त्या क्षणी कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. पहिल्यांदाच मी झुंबराची नव्हे, त्या झुंबराला हलवणाऱ्यांची बाजू घेतली होती.

मग चौकोन लाल झाला.

आरोळी अर्ध्यावर विरली. केमेंचेवाला आणखी थोडं वाजवून थांबला. आमच्या धापा तेवढ्या ऐकू येत होत्या. सेल्जाननं पडद्याकडे बघत हळू आवाजात सांगितलं की वरचे मजले ठीक आहेत, दुखणं तळमजल्यात आहे, दुकानासाठी भिंत काढली गेलीय तिथे, म्हणजे इमारतीच्या घोट्यात. घोटा वेळेवर बांधला तर माणूस चालतो. पण बांधायला हवा. आणि हा यंत्राचा अंदाज आहे, भोक पाडल्याशिवाय खात्री नाही.

सगळे काकांकडे बघत होते. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. ते त्या लाल चौकोनाकडे बघत राहिले, मग रांगेकडे वळले. बैठक उद्या कशाला, म्हणाले, सगळे मालक इथेच आहेत. तपासणी व्हावी असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा.

आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला.

त्यांच्या करंगळीत माझी करंगळी होती, तेव्हा माझा हात वर गेला. माझ्या दुसऱ्या करंगळीत लेव्हेंतची होती, त्याचाही गेला, त्याच्यापुढे चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा, आणि मग खालपासून वरपर्यंत सगळ्या जिन्यात हात एकामागोमाग उंचावत गेले, कुरिअरवाल्याचाही, त्याचं पार्सल सरकून पायरीवर पडलं.

वरून कुणीतरी म्हणालं की हे काही खरं मतदान नाही, माझा हात ओढला गेला.

"मग करंगळी सोड," काका म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. तो दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर होता, दर बैठकीत दर गोष्टीला नाही म्हणणारा. त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. मावशीच्या कडेवरच्या इपेककडे बघितलं, ती त्याच वेळी नेमकी दात दाखवून हसत होती, आणि दातांच्या डॉक्टरला दात दाखवणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्यानं करंगळी सोडली नाही.

झालं, काका म्हणाले, एकमतानं मंजूर. पण हात खाली घ्यायला कुणी तयार होईना. पहिला जो सोडेल तो नाही म्हणाला असं मोजलं जाईल अशी प्रत्येकाला भीती. खांदे दुखायला लागले, पोरं पायऱ्यांवरून आमच्या काखांखालून आरपार पळायला लागली, गव्हाच्या वाट्या गार झाल्या, आणि अख्खं चिनार अपार्टमेंट हात वर करून जिन्यात उभं. काकांनी हळूच मान वळवून मला विचारलं की यात काही शिष्टाचार असतो का, कोण आधी सोडतं. मी म्हटलं, मला नाही माहीत, काका, मी आयुष्यात पहिल्यांदाच मत देतेय असं वाटतंय.

"मग वाजव रे," ते केमेंचेवाल्याला म्हणाले, "हात असेच राहू देत."